गिनतीत एक जास्त

गिनतीत एक बाई जास्त भरली. ती मी होते.

फळ्यावर पंचवीस लिहिलं होतं. पहारेकरीण मागून पुढे येत एकेकीच्या डोक्याला बोट लावून मोजत होती. तिचे सव्वीस झाले. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सव्वीस. तुरुंगात माणूस कमी भरला की हाहाकार होतो, हे कुणालाही कळेल. जास्त भरला तरी तेवढाच होतो, हे आत राहिलेल्यालाच ठाऊक.

आम्ही कॉलेजकडून आलो होतो. पनवेलच्या लॉ कॉलेजचं शेवटचं वर्ष. तुरुंगभेट अभ्यासक्रमातच असते. जाऊन यायचं, वहीत अहवाल लिहायचा, मार्क मिळतात. पस्तीस पोरंपोरी, एक बस, बसमध्ये भेंड्या. पांढरे कपडे सक्तीचे. मी पांढरा सलवार-कुडता घालून मागच्या सीटवर एकटी बसले होते. ते रोजचंच होतं. मी तिशीला टेकलेली आणि बाकीच्या बाविशीतल्या. मला त्या 'मॅडम' म्हणायच्या, चेष्टेने.

आदल्या दिवशी मी आम्हाला नेणाऱ्या सरांना सांगून पाहिलं होतं, की बरं नाही, येत नाही. ते म्हणाले, "हजेरी लागते. गोळी घे आणि ये."

त्यांना काय सांगणार? की सर, त्याच तुरुंगात, त्याच बायकांच्या बराकीत मी चार वर्षं काढली आहेत?

बायकांच्या विभागात आम्हाला भिंतीला लागून उभं केलं. कैदी बायका अंगणात होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी दुसरीची वेणी घालत होती. मग पहारेकरीण ओरडली, "जोडी."

जोडी म्हणजे दोन-दोनच्या रांगेत उकिडवं बसायचं. हात गुडघ्यांवर. मान खाली. वर बघायचं नाही. गिनतीला जोडी, जेवणाला जोडी, मोठे साहेब आले की जोडी, आणि पाहुणे आले तर जोडी आलीच.

शब्द कानावर पडला आणि मी बसले. ठरवून नाही बसले. भिंतीपासून चार पावलं चालत गेले, शेवटच्या रांगेत एक बाई एकटीच होती, तिच्या शेजारी जोडीला बसले आणि मान खाली घातली. डोक्याला बोट लागलं तेव्हासुद्धा मला काही वेगळं वाटलं नाही. बरंच वाटलं. गिनती झाली की सोडतात.

"आयला, कोण वाढली?" पहारेकरीण म्हणाली.

तुरुंगाचे साहेब आले. एकेकीचं तोंड बघत माझ्यापर्यंत पोचले. माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. ते त्यांनी काठीच्या टोकाने उचललं.

"ही तुमची दिसते, सर."

भिंतीकडून हसू आलं. आधी एकीचं, मग सगळ्यांचं. "अगं, ही का बसली? सिरियसली?" मी अजून उठले नव्हते. उठ म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. मला कुणी उठ म्हटलं नव्हतं.

पहारेकरणीने वाकून माझा चेहरा बघितला. तिने ओळखलं. "साहेब, ही जुनी आपलीच. त्या विहिरीच्या केसमधली. आई आणि मुलगी होत्या बघा."

"असं होय," साहेब म्हणाले. "म्हणजे जुनं गिऱ्हाईक."

तेव्हा हसू थांबलं. ते चालू होतं तेच बरं होतं.

परतताना माझ्या शेजारची सीट रिकामी होती, ती असायचीच. त्या दिवशी माझ्या पुढची आणि पलीकडचीही रिकामी राहिली. तीन पोरी पनवेलपर्यंत उभ्याने आल्या. भेंड्या झाल्या नाहीत.

आता ती केस सांगते. लपवून काय करू? पस्तीस जणांना कळलंच आहे.

आमचं गाव उरणकडे, खाडीच्या कडेला. आम्ही कोळी. बाबा लवकर गेले. आई मासळी विकायची. भाऊ द्रोणागिरीला गोदामात गाडीवर होता. त्याचं लग्न झालं, वहिनी चिरनेरकडची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. भाऊ तिला मारायचा. गोदामातून उशिरा आला तर मारायचा, लवकर आला तर मारायचा. आई म्हणायची, "आमी नाय खाल्ला काय मार?" मी बारावी पास, कॉलेजला जायचे, मला अक्कल असायला हवी होती. त्या दिवशी सकाळी तो तिला मारत होता आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवला. दुपारी वहिनीने विहिरीत जीव दिला.

भाऊ, आई आणि मी, तिघांना नेलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

चार वर्षं. त्यातलं बरंच कुणी कुणी लिहिलं असेल. डाळीचं पाणी, ढेकूण, झडती. माझ्या मनात राहिलं ते वेगळं. मुलाखतीचा, म्हणजे घरच्यांच्या भेटीचा दिवस असायचा. पुरुषांच्या बाजूला बायकांची ही गर्दी. कुणाची आई, कुणाची बायको, डबे, पिशव्या, लेकरं. आमच्या बाजूला शुकशुकाट. बाई आत गेली की तिचं कुणी उरत नाही. माझं तर जे होतं ते आतच होतं. आई रोज संध्याकाळी माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि काही बोलायची नाही. आम्ही दोघींनी वहिनीचं नाव चार वर्षांत एकदाही घेतलं नाही. एकमेकींना चिकटून झोपायचो आणि मला इतकं एकटं वाटायचं की श्वास मोजत पडून राहायचे.

बराकीत लिहिता-वाचता येणाऱ्या आम्ही दोघी-तिघीच. म्हणून बायका आपापले कागद माझ्याकडे आणायच्या. सोमी नावाची कातकरी बाई होती, पनवेलच्या वरच्या डोंगरातली. चोरीचा आळ होता. तिने एक मळका कागद पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. एक दिवस म्हणाली, "बाय, यात काय हाय बग गं." मी वाचला. तिचा जामीन सात महिन्यांपूर्वीच मंजूर झाला होता. घरच्यांनी जामीनदार आणून उभा करायचा होता. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनाही नाही. सात महिने सुटकेचा कागद पदराला बांधून ती बाई तांदूळ निवडत होती.

मी अर्ज लिहिला. कसा लिहायचा ते माहीत नव्हतं, दुसऱ्याचा बघून लिहिला. दीड महिन्याने ती गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, पळालीच. बरं केलं. मी पण तेच केलं असतं.

माझं वकिलीचं शिक्षण तिथं सुरू झालं. तुरुंगाने दिलं नाही ते. तुरुंगाने जे दाबून ठेवलं होतं त्यातून मिळालं.

मग निकाल लागला. भावाला शिक्षा झाली. आई आणि मी संशयाचा फायदा देऊन निर्दोष. हा शब्द ऐकून आई रडली. मी नाही रडले. निर्दोष होते तर चार वर्षं कशाची? आणि दोष होता, तो मला माहीत होता, तर त्याचं काय? चार वर्षांत पोलीस, वकील, सरकारी वकील, जज्ज, सगळ्यांनी मला नाव, वय, पत्ता विचारला. त्या सकाळी तू काय केलंस, हे एकानेही विचारलं नाही. आमच्याच वकिलांनी बजावलं होतं, "काही बोलायचं नाही. माहीत नाही म्हणायचं."

तो प्रश्न मला एकाच माणसाने विचारला. सुटल्यावर महिन्याभराने मी चिरनेरला गेले. वहिनीची आई ओटीवर बसली होती. मला बघून उठली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "माजी पोर वरडत व्हती तवा तू कुटं व्हतीस?"

मी सांगितलं. टीव्हीचंही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जा आता. परत येऊ नको." आणि आत गेली.

मला झालेली शिक्षा तेवढीच. बाकीची चार वर्षं नुसता कोंडवाडा होता, गुरं अडकवून ठेवतात तसा. त्या ओटीवर मला कळलं की मी काय केलं होतं. आणि हे जिला विचारायचं होतं तिला चार वर्षं माझ्यापासून लांब ठेवलं होतं, न्यायाच्या नावाने.

गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेईना. आई बाजारात तिच्या जुन्या जागेवर टोपली घेऊन गेली तर शेजारच्या बायकांनी पाट सरकवले. मग आम्ही पनवेलला आलो, एका खोलीत. आई लोकांची कोळंबी सोलून द्यायला लागली. मी बाहेरून बी.ए. केलं, कोर्टाच्या फाटकापाशी टायपिंगला बसले, आणि लॉला प्रवेश घेतला. कॉलेजने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि मग ती गिनती झाली.

दोन दिवसांनी प्राचार्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नाव काढणार. मी मनात उत्तर तयार करून गेले होते. त्यांनी चहा मागवला. बिस्किटं माझ्या पुढ्यात सरकवली.

"बेटा, तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस? वी आर सो प्राऊड ऑफ यू."

मला काही समजेना. अपमानाची तयारी करून गेलेल्या माणसाला चहा दिला की त्याची तयारी फुकट जाते.

मग कळलं. कॉलेजात कैद्यांच्या सुधारणेवर कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे तेच साहेब, काठीने ओळखपत्र उचलणारे. साहेबांनीच फोन करून सुचवलं होतं की तुमची ती मुलगी स्टेजवर आणा. आमच्या शिस्तीचं जिवंत उदाहरण आहे. इतक्या वर्षांनीही जोडी म्हटलं की बसली, याला म्हणतात संस्कार.

मॅडमनी एक कागद पुढे केला. सरांनी माझं भाषण लिहून ठेवलं होतं. 'मी वाट चुकले होते. तुरुंगाच्या भिंतींनी मला वळण लावलं. आज मी जी आहे ती तिथल्या अधिकाऱ्यांमुळे.' असं दीड पान.

मी म्हटलं, "मॅडम, मी निर्दोष सुटले आहे. वाट चुकले होते, असं कसं?"

"अगं, भाषणाला एक फ्लो लागतो. लोकांना स्टोरी आवडते." मग त्या हसल्या. "आणि तुला वकिलीच्या सनदेचा अर्ज भरायचाय ना? चारित्र्याचा दाखला लागेल. तुझ्या केसमध्ये माझ्याच सहीचा उपयोग होईल. स्टेजवर सगळं लोकांसमोर आलं की मलाही सही करायला काही वाटणार नाही."

त्या वाईट बाई नव्हत्या. हेच तर कठीण असतं. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. चहा देणाऱ्यापुढे मान आपोआप खाली जाते.

मी कागद घरी नेला. आई कोळंबी सोलत होती. तिला वाचून दाखवला. ती हात न थांबवता ऐकत होती.

"बोल गो दोन शबुद. जीब झिजतंय काय तुजी?"

"खोटं आहे, आये."

"खोटं तं खोटं. आमी चार वरसं मान खाली घालून बसलो, तवा नाय मेलो. तुला अर्धा तास जड जातंय?" मग म्हणाली, "कागुद मिलल. वकील होशील. माज्या डोळ्यांदेखत होशील."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. हे तिला आयुष्यभर जमलं, म्हणून मी जगले. पण त्याच दिवशी भावाचं पत्र आलं होतं, तेही मी तिला वाचून दाखवलं. भाऊ अजून आत आहे, दुसऱ्या तुरुंगात. त्याने लिहिलं होतं की दोन वर्षांत सुटेन. तोवर एखादी गरीबाघरची मुलगी बघून ठेवा. ह्या वेळी जरा ऐकणारी बघा.

ऐकणारी बघा. इतकी वर्षं कोंडून ठेवलेल्या माणसाच्या डोक्यातून एवढं निघालं. आईचे हात थांबले.

मी रात्रीची वाट बघितली नाही. कागद पिशवीत घातला आणि कॉलेज सुटायच्या आत केबिनमध्ये जाऊन पोचले.

"मॅडम, मी हे बोलणार नाही."

"का? भाषा बदलायची असेल तर बदलू."

"भाषेचं काही नाही. मी तिथं सुधारले नाही. तिथं मी बसायला शिकले. तुम्ही पाहिलंत किंवा ऐकलंत, कशी बसले ते. पस्तीस जणांनी बघितलं. त्याला संस्कार म्हणतात असं मी माझ्या तोंडाने सांगणार नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे तुझं म्हणणं काय? तुरुंगच नकोत?"

हे मी तोवर कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. स्वतःशीही नाही. माझ्या तोंडून आलं, "हो. नकोत."

"आणि तुझ्या भावासारख्यांचं काय करायचं? आरती ओवाळायची?"

प्रश्न बरोबर होता. मला राग आला नाही. मी त्यांना पत्रातलं वाक्य सांगितलं. म्हटलं, "त्याला कोंडून झालं, मॅडम. तुमच्या मनासारखं सगळं झालं. तो बाहेर येईल आणि दुसरीला मारेल. मधल्या वर्षांत त्याला एकाने तरी त्या मेलेल्या मुलीच्या आईसमोर बसवलं का? मला बसावं लागलं, पाच मिनिटं. मी स्वतः गेले म्हणून. त्या पाच मिनिटांनी जे केलं ते चार वर्षांनी केलं नाही. मग कोंडून काय मिळतं आणि कुणाला मिळतं?"

"दोन केसवरून असं ठरत नाही."

"घरातल्या माझ्याकडे दोनच आहेत. बराकीतल्या सांगायला बसले तर तुमची संध्याकाळ जाईल."

"आणि तुरुंगाच्या जागी काय? ते सांग ना."

"पूर्ण मला माहीत नाही. शिकायचंय. पण माहीत नाही म्हणून जे चाललंय त्याचे आभार मानायचे, हे होणार नाही."

मॅडमनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि खणात ठेवला. बिस्किटांची बशी तिथंच होती, ह्या वेळी त्यांनी ती पुढे केली नाही.

"दाखल्याचा मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या.

"करा."

दाखला मिळाला नाही. नकारही मिळाला नाही. मॅडम मीटिंगमध्ये असत. कार्यक्रम झाला, साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. मी त्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी प्रतिज्ञापत्रं टाइप करत होते. वर्गात माझ्याशी बोलणं बंद झालंच होतं. ज्या वकिलांच्या टेबलाशेजारी मी बसते त्यांना दाखला मागितला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "तू कामाची आहेस गं, पण माझं नाव ह्यात नको." आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, पण ह्या विषयावर नाही. ती मला हरलेली समजते. परीक्षा पास झाले त्या संध्याकाळी मी निकाल सांगायला माणूस शोधत पनवेलच्या स्टँडपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले.

सनदेचा अर्ज मी भरला. त्यात विचारतात, तुमच्यावर कधी खटला झाला होता का. पुढे म्हणतात, दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे चारित्र्याचे दाखले जोडावेत. मी दाखल्यांच्या जागी वेगळा कागद जोडला. टायपिंग माझंच, त्यामुळे एक चूक नाही. तो इथं उतरवते.

'प्रतिष्ठित व्यक्ती मिळाल्या नाहीत. सबब माझे चारित्र्य मीच लिहून देत आहे.

माझ्यावर खटला झाला. निकालाआधी मी चार वर्षे तुरुंगात होते. न्यायालयाने मला निर्दोष ठरवले आहे. माझ्या वहिनीला मार बसत असताना मी गप्प राहिले, हे न्यायालयापुढे आले नाही. ते मी तुमच्यापुढे स्वतःहून आणत आहे. त्यावरून सनद नाकारायची असल्यास नाकारावी, माझी तक्रार नाही. मी तुरुंगात होते म्हणून नाकारल्यास मात्र मी उच्च न्यायालयात जाईन, आणि माझी बाजू मीच मांडेन.

तुरुंगाने मला सुधारले, असे मी कोणत्याही सहीसाठी म्हणणार नाही. सनद मिळाल्यास मी आत अडकलेल्यांचे अर्ज चालवीन. न मिळाल्यास फाटकाबाहेर बसून तेच अर्ज टाइप करीन. तुरुंग सुधारण्यासाठी मला वकील व्हायचे नाही. ते रिकामे करण्यासाठी व्हायचे आहे.'

खाली सही केली. रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही.